स्टोअरवाले काका

किंडल आल्यापासून मराठी घरात पुस्तकांशी संबंध असलेली दोन माणसं दिसतात. एक, जो पुस्तकं वाचतो. दुसरा, ज्याच्या खात्यावर ती असतात. पहिल्याबद्दल आजवर भरपूर लिहून झालंय, त्यात निम्मं त्याने स्वतःच लिहिलंय. दुसरा उपेक्षित राहिला. माझ्या पाहण्यातला त्याचा सर्वांत शुद्ध नमुना भिलाईला, कॅम्प-१ मध्ये राहतो. नात्यातले, ओळखीतले, सगळे त्याला काका म्हणतात.

पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा कामगारांसाठी ज्या वस्त्या वसल्या, त्यांतला हा कॅम्प. पॉवर हाउस स्टेशन जवळ, नंदिनी रोड जवळ. एका भिंतीपलीकडे तेलुगू, दुसऱ्या भिंतीपलीकडे ओडिया, समोर छपऱ्याचे लोक, आणि मधल्या घरात काका. वडील भंडाऱ्याहून आलेले. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं तेव्हा वडील तिथे हजर होते, असं काका सांगतात. राष्ट्रपती आणि वडील यांच्यातलं अंतर दरवर्षी थोडं थोडं कमी होत चाललंय.

काका स्वतः कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. तिथे रूळ बनवणारे हजारो, पण रूळ बनवणाऱ्याला बेअरिंग हवं असेल तर त्याला काकांच्या खिडकीशी उभं राहावं लागे. इंडेंट आहे का, सही आहे का, जुनं परत केलं का. बड्या बड्या इंजिनिअरांना त्यांनी साहेबांच्या सहीसाठी माघारी पाठवलंय. निवृत्त झाल्यावर सेक्टरमधलं क्वार्टर सोडून ते वडिलांच्या कॅम्पातल्या घरी आले. हाताखाली इश्यू करायला काहीच उरलं नव्हतं. अशा वेळी थोरल्याने पुण्याहून किंडल पाठवलं आणि काकांच्या ईमेलवर खातं काढून दिलं. त्याला वाटलं, बाबा वाचतील.

काकांनी खातं उघडलं आणि त्यांना पुन्हा स्टोअर मिळालं.

त्याआधीची पुस्तकांची कहाणी दुःखाची होती. भिलाईत मराठी पुस्तक म्हणजे नागपूरहून येणाऱ्याच्या पिशवीतून आलेलं. एकाने आणावं, दहा घरांनी वाचावं आणि अकराव्या घरी ते कायमचं थांबावं. काकांचं ‘मृत्युंजय’ असंच कुठेतरी थांबलंय. नेणारा माणूस त्यांना अजून जवाहर मार्केटमध्ये भेटतो, पुस्तक सोडून सगळ्याबद्दल बोलतो. किंडलवर २०१६ च्या डिसेंबरात मराठी पुस्तकं अधिकृतपणे मिळू लागली तेव्हा काकांना सर्वांत जास्त आनंद झाला तो एकाच गोष्टीचा. दिलेलं पुस्तक कोणाच्या हातात आहे ते बसल्या जागी दिसत होतं.

आता खात्यावर वापरात सहा यंत्रं आहेत आणि काकांनी त्यांना नावंही स्टोअरच्या पद्धतीने दिलीत. भि-१ त्यांचं, भि-२ काकूंचं, पु-१ थोरल्याचं, पु-२ सुनेचं, ना-१ नागपूरच्या आत्याचं, न्यूज-१ मुलीचं. हे शेवटचं न्यू जर्सी, वृत्तपत्र नव्हे. सहा हा आकडा काकांना मनापासून आवडतो, कारण त्यामागे नियम आहे. विकत घेतलेलं बहुतेक पुस्तक एका खात्यावरच्या साधारण सहा यंत्रांवर एका वेळी राहू शकतं. प्रकाशकाने ठरवलं तर त्याहून कमी. सातवं यंत्र खात्याला जोडता येतं, पण तेच पुस्तक त्यावर उतरवायचं तर आधीच्या सहांपैकी एकावरून काढावं लागतं. ‘रिटर्न केल्याबिगर इश्यू नाही’ हे काका चाळीस वर्षं सांगत आले होते. आता एक अमेरिकन कंपनीही तेच सांगू लागली.

गल्लीतला कुणी पोरगा व्हॉट्सॲपवर फुकट पीडीएफ पाठवतो तेव्हा काका ती उघडतही नाहीत. “बिनाइंडेंटचा माल,” एवढंच म्हणतात.

पण नियम हा काकांचा छंद झाला. त्यांचं खरं सुख दुसरीकडे आहे. एकाच खात्यावर दोघं एकच पुस्तक वाचत असतील तर यंत्र विचारतं: अमुक यंत्रावर, अमुक वाजता, कुणीतरी इथवर पोचलंय, तिथे जायचं का? एकाच माणसाकडे फोन आणि वाचनयंत्र दोन्ही असतात, त्याला खूण सापडावी म्हणून ही सोय. घरात बरेच वाचणारे असतील तर ती बंद करा, असं कंपनीच सुचवते. काका बंद करत नाहीत. हातात आलेलं हजेरी रजिस्टर कुठला स्टोअरकीपर बंद करील?

“पु-२ वर काल रात्री एक चाळीसला वाचून राहिली होती,” काका सकाळच्या चहाला जाहीर करतात. “नीज नाही येत का पोरीले?” मग पुण्याला फोन. सून सांगते, मुलाची परीक्षा आहे, त्याच्यासोबत जागते. काका समाधानाने फोन ठेवतात. सुनेला मात्र त्यानंतर बराच वेळ समाधान मिळत नाही.

या सोयीचा एक बळी खुद्द काकाच आहेत. त्यांनी आणि काकूंनी एकच खुनाची कादंबरी एकाच दिवशी सुरू केली. काकू स्वयंपाक उरकून दुपारी वाचतात आणि झपाट्याने वाचतात. संध्याकाळी भि-१ ने विचारलं, पुढे जायचं का? काकांनी सवयीने ‘हो’ दाबलं आणि थेट खुन्याच्या कबुलीजबाबावर पोचले. काकू शांतपणे म्हणाल्या, “अहो, तसंही तुम्ही तो डॉक्टरच म्हणाला असता.” खुनी डॉक्टरच होता. त्यामुळे काकांना जास्त लागलं.

खात्यावर कुणीही काही घेतलं की ते सगळ्यांच्या यादीत दिसतं. सुनेने एकदा सासरच्या माणसांना वेळीच ‘नाही’ कसं म्हणावं, या विषयावरचं इंग्रजी पुस्तक घेतलं. बिचारी यादी विसरली होती. काकांनी ते आठवडाभरात संपवलं आणि फोनवर सांगितलं, “चौथं प्रकरण चांगलं आहे. बाकी पाणी घातलंय.” तेव्हापासून सून असली पुस्तकं कागदावरची घेते. पु-२ वर हल्ली पाककृतींशिवाय काही उतरत नाही, म्हणून काका काळजीत आहेत.

अधोरेखनही तसंच. पुस्तकात कुणी ओळ रंगवली की ती दुसऱ्याच्या यंत्रावरही रंगलेली दिसते. नोकरी बदलण्याविषयीच्या पुस्तकात थोरल्याने सलग तीन पानं रंगवली. त्याने बायकोला सांगण्याआधी काकांचा फोन गेला: “राजीनामा देऊन राहिला का रे?” मला विचाराल तर त्या घरात ‘तुम्ही माझ्याकडे लक्षच देत नाही’ ही तक्रार ऐकू येत नाही, याचं कारण हेच असावं. लक्ष कुठून येतंय ते मात्र न विचारलेलं बरं.

कार्ड काकांचं, म्हणून ओटीपीही काकांच्या फोनवर. न्यू जर्सीत दुपारी जेवणाच्या सुट्टीत मुलीला पुस्तक घ्यावंसं वाटतं तेव्हा कॅम्प-१ साडेनऊ-साडेदहा तास पुढे गेलेला असतो आणि तिथले सगळे दिवे मालवलेले असतात. काका चष्मा शोधतात, सहा आकडे वाचून दाखवतात, मग विचारतात, “कशाबद्दल आहे?” मुलगी कशाबद्दल आहे ते सांगते. हे विचारणं टाळायचं तर ती स्वतःचं कार्ड वापरू शकली असती. ती वापरत नाही.

विकत घेतलं असं आपण म्हणतो, पण असं पुस्तक विकत मिळत नाही, वाचण्याचा परवाना मिळतो, हे समजल्यावर सुशिक्षित लोक हादरतात. काका हादरले नाहीत. उभी हयात त्यांनी कंपनीच्या क्वार्टरमध्ये काढली. भिंतीला आपल्या पैशाने रंग दिला, मागे पेरू लावला आणि निवृत्त झाल्यावर चावी परत केली. “पेरू अजून फळतो,” ते सांगतात, “खातो दुसराच.” २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या घोळामुळे जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं, त्यातलं एक ‘१९८४’, लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, पुढे जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. ही हकिगत काका अशी सांगतात की वाटावं, तो माल त्यांच्याच खिडकीतून गेला होता. त्यांचा आक्षेप एकच असतो: मटेरियल उचललं, पण रिसीट कुठे दिली?

पुस्तकं संगणकावर उतरवून घ्यायची सोय कंपनीने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. आदल्या रात्री काकांनी स्टॉकटेकिंग केलं. एकूण एक पुस्तक पेन ड्राइव्हमध्ये भरलं, त्यावर चिकटपट्टी लावून तारीख घातली आणि तो एफडीच्या पावत्यांशेजारी ठेवला. त्यातली प्रत्येक फाइल उतरवताना निवडलेल्या यंत्रावरच उघडते, हे थोरल्याने समजावून सांगितलं. काका म्हणाले, “उघडायची कोणाला आहे? मोजणीला पाहिजे.”

सगळं असं सुरळीत होतं, तोवर जावयांना वाचायची इच्छा झाली.

जावई म्हणजे सातवं यंत्र. काकूंच्या मते जावयाला नाही म्हणता येत नाही. काकांच्या मते नियमालाही नाही म्हणता येत नाही. पण जावईबापू समजूतदार निघाले. त्यांनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं की तुम्हाला त्रास नको, आम्ही आमचं वेगळं खातं काढतो. अमेरिकेत कुटुंबासाठी सामायिक ग्रंथालयाची सोय आहे, त्यात दोन मोठे आणि चार लहान मुलं बसतात. काकांनी वही ओढली.

“दोन मोठे. म्हणजे मी आणि तुमच्या सासूबाई.”

“नाही बाबा. ते आम्ही दोघं.”

“मग थोरला? सून? आत्या?”

“ते त्यात नाही बसत.”

“हे कसलं कुटुंब?” काकांनी वही मिटली. खरं सांगायचं तर कंपनीने कुटुंबाची इतकी तोकडी व्याख्या का केली, हे मलाही कळलेलं नाही. भिलाईत एवढी माणसं नुसती दारात चप्पल काढायला उभी असतात.

नागपूरहून आत्या कॉलवर होतीच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती अक्षर मोठं करून वाचते आणि रोज वाचते. वय शहात्तर. ती म्हणाली, “दादा, लहान मुलांत जागा आहे ना? मले टाक तिकडं. वय अकरा लिही, कोण पाहून राहिलं?”

काकांच्या आयुष्यात खोट्या इंडेंटवर सही करायची ही पहिलीच वेळ आली असती. त्यांनी जावयांना विचारलं, लहान मुलांच्या खात्यात काय काय इश्यू होतं? जावई म्हणाले, मुलांची पुस्तकं. गोष्टी, प्राण्यांची, विज्ञानाची. आईवडील ठरवतील ती.

“आणि खुनाची?” आत्याने विचारलं.

“खुनाची नाही, आत्या.”

“मग मी मोठीच बरी. आणि दादा, त्या इन्स्पेक्टरचा तिसरा भाग माझ्याकडं येऊन नाही राहिला. सहाच्या सहा जागा भरलेल्या दाखवते.”

काकांनी वही पुन्हा उघडली. तिसरा भाग पु-१ वर चार महिने पडून होता, अकरा टक्क्यांवर. सहावी जागा नातवाच्या जुन्या टॅबने अडवलेली होती आणि तो टॅब कधीचा भंगारात गेला होता. तशी नोंदच झालेली नव्हती. त्यांनी चष्मा नीट बसवला आणि पुण्याला फोन लावला.