एकाच हाताची गाडी

जुनी मोटार घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबवत्सल गृहस्थास अमरावतीचा दलाल ज्या निःशंकपणे ‘बावीसचं ॲव्हरेज देते भाऊ, लिहून देतो’ असे सांगतो, तो निःशंकपणा खुद्द कारखानदारासही साधत नाही. कारण त्याचा आकडा प्रयोगशाळेतला, आणि येथे मे महिन्याचे ऊन, अखंड एसी, पाच माणसे व डिकीत तुरीच्या डाळीचे पोते. गाडी अर्थातच डॉक्टरांची, एकाच हाताची. मीटर चाळीस हजारांवर स्थितप्रज्ञ, क्लचचे पेडल मात्र गुळगुळीत झिजलेले. अकोला मार्गावर लोणी ते माना हे ७५ किलोमीटरांचे डांबरीकरण २०२२ साली १०५ तास ३३ मिनिटांत उरकून जागतिक विक्रम झाला, तेथे कोणतीही गाडी लोण्यासारखी धावते. सबब आरसीवरील बँकेचा बोजा उतरल्याची खातरजमा करून चाचणी गिट्टीच्या बोळातच घ्यावी, ही आमची सूचना दलालाने अद्याप मंजूर केलेली नाही.