अर्थशास्त्रात मास्टर्स कसे करावे

पहिली सूचना: घरी 'अर्थशास्त्र' मोठ्याने म्हणावे आणि 'एम.ए.' हळू. नाहीतर आई विचारते, "पण मार्क तर चांगले पडले होते ना तुला?" तेव्हा डॉ. आंबेडकरांनी 1915 साली कोलंबिया विद्यापीठात याच विषयात एम.ए. केले होते, हे नम्रपणे सांगावे. पुढे त्यांनी लंडनला रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, हे सांगू नये. अपेक्षा वाढतात.

शिकायला पुण्याची गोखले संस्था आहे, 1930 सालची. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. रिक्षावाल्याला एवढे लांबलचक नाव न सांगता 'फिल्मसिटी रोड' म्हणावे. तिथे एम.एस्सी. मिळते, त्यामुळे आईचाही प्रश्न सुटतो.

पैशांबद्दल काही कळेल या आशेने वर्गात बसू नये. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर गणितज्ञ लाग्रांज अवतरतो, आणि सफरचंदे व संत्री यांत वाटणी करणारा एक ग्राहक वर्षभर मानगुटीवर बसतो. त्याला भाव माहीत असतात, आवड माहीत असते, फक्त फळे घेताना तो कधी घासाघीस करत नाही. मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन यांच्या पाठ्यपुस्तकाचा ठोकळा हजार पानांच्या घरात जातो. त्याची झेरॉक्स दोन भागांत स्पायरल करून घ्यावी. दुसरा भाग कोराच राहतो, तो ज्युनियरला चांगल्या भावाने विकता येतो. अर्थशास्त्राचा हा एवढाच प्रत्यक्ष उपयोग मी पाहिला आहे.

इकॉनोमेट्रिक्सला दामोदर गुजरातींचे पुस्तक लागते. "गुजराती झाला का?" असे फोनवर बोलताना आजीने ऐकले, तर मुलगा अखेर धंद्यात पडतोय म्हणून ती देवापुढे साखर ठेवते. खुलासा करू नये.

संधी खर्च, म्हणजे एक वाट निवडल्याने हातची गेलेली दुसरी, ही कल्पना परीक्षेपुरतीच शिकावी. इंजिनियर झालेल्या चुलतभावाचा पगार समोर ठेवून ती स्वतःला लावून पाहणारे दुसऱ्या सत्राला दिसत नाहीत.

नोकरीचे विचारल्यास भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा यूपीएससी घेते, एवढेच बोलावे. 'यूपीएससी' ऐकल्यावर पुढचे कोणी ऐकत नाही. जागा किती, हेही मग कोणी विचारत नाही.

खरी तोंडी परीक्षा 1 फेब्रुवारीला. टीव्हीवर अर्थसंकल्प चालू असताना काकू विचारतात, "सोनं आत्ता घेऊ का थांबू?" घसा खाकरून आयात शुल्क, डॉलर आणि व्याजदर यांचा परस्परसंबंध समजावून द्यावा, प्रत्येक वाक्याआधी 'इतर परिस्थिती कायम राहिल्यास' जोडावे. पुरेसे सावकाश बोलल्यास काकू सराफाकडे जाऊन बांगड्या घेऊन परत आलेल्या असतात.