एक नाव, अठरा विद्या

ऑनलाइन पुस्तकाच्या दुकानात लेखकाच्या नावावर टिचकी मारली की त्याची ‘इतर पुस्तकं’ रांगेत उभी राहतात. परवा नागार्जुनावर मारली. आधी आली ‘मूलमध्यमककारिका’, म्हणजे शून्यवादाचा मूळ ग्रंथ, साधारण दुसऱ्या शतकातला. तिला खेटून पाऱ्याचं सोनं करायची रसविद्या. खाली ‘बलचनमा’, मिथिलेतल्या गरीब शेतमजुराची १९५२ सालची हिंदी कादंबरी. अठराशे वर्षं हा गृहस्थ लिहितोय, आणि फोटो एकच!

कादंबरीकाराचं खरं नाव वैद्यनाथ मिश्र. भिक्षू झाल्यावर ‘नागार्जुन’ हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करायची?

बिचाऱ्या कॉम्प्युटरला हसू नका. आपल्या परंपरेने व्याकरणाचं महाभाष्य, योगसूत्रं आणि वर वैद्यकही एकाच पतंजलींच्या खात्यावर केव्हाच जमा केलंय. हल्ली टूथपेस्टही. दोन गणिती भास्करांना ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ असे नंबर मिळाले, ते इतिहासकारांच्या कृपेने. सातव्या शतकातल्या भास्कराला आपण ‘पहिले’ आहोत हे कळायला पाचशे वर्षं जास्त जगावं लागलं असतं.

मराठीने आद्याक्षरांचं कुंपण घालून ठेवलंय, म्हणून बरं. वि. वा. आणि वि. स. यांची गल्लत होत नाही. दुकानवाला मात्र तेवढंच आधी खोडतो.

मी ‘बलचनमा’ मागवली होती. पार्सलात शून्यवाद निघाला. रिफंडही तेवढाच मिळाला.