पाट तडकला, ऐकलंत का?

अहो, जरा इकडे जास्वंदीच्या बाजूला या ना. तिकडून सगळं त्यांच्या किचनमध्ये ऐकू जातं. ऐकलंत का, पाट तडकला! हो, तोच, काकांचा, सागाचा, ज्याचे फोटो श्रावणात कॉलनीच्या ग्रुपवर रोज येत होते तो. आणि तडकला कधी, तर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, भर बायकांमध्ये. तुम्ही नेमक्या गावाला गेलात! काय चुकवलंत म्हणून सांगू...

पण थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर मजा कळायची नाही.

काका रिटायर झाले आणि सुतारकाम शिकतो म्हणाले, ते तुम्हाला माहीतच आहे. शिकतो म्हणजे काय, तर आधी खरेदी. दारात खोक्यांवर खोकी. सर्क्युलर सॉ काय, जिगसॉ काय, ड्रिल, सँडर... गाडी बाहेर उन्हात आणि मशिनं गॅरेजमध्ये सावलीत. काकू मला म्हणाल्या, "माझ्या लग्नात एवढं रुखवत नव्हतं हो आलं."

आणि त्यांची सून. ती गेली रविवार पेठेत, बोहरी आळीत, आणि पिशवीतून चार वस्तू घेऊन आली. करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या. संपलं. लाकूड म्हणाल, तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या. काका हसले हो तोंडावर. "खोक्याच्या लाकडाचं काय करणार तू?" तर म्हणते कशी, "खराब करणार, बाबा. साग खराब करायला हात धजत नाही."

मीसुद्धा म्हटलं तिला, तू सावंतवाडीची, चितारआळीतली ती लाकडी फळं नि खेळणी, तुझ्या रक्तातच असणार. तर हसायला लागली. "काकू, ती पांगाऱ्याची खेळणी आम्ही दुकानातून विकत आणायचो. घरात साधा खिळा ठोकायचा तरी बाबा माणूस बोलवायचे." घ्या!

तर काय सांगत होते... हां, मिस्त्री. किचन ट्रॉली दुरुस्त करायला आला होता बघा तो. ही मागच्या ओट्यावर रंधा मारत बसलेली. फळी गुळगुळीत व्हायची सोडून नुसती कुसळं उठतायत. मिस्त्री चहा पितापिता म्हणाला, "ताई, उलट्या रेषेनं मारताय. फळी फिरवून घ्या." फिरवली मात्र, आणि रंधा असा सर्रकन गेला! इथपर्यंत आवाज आला मला. मग काय, तिनं धरलंच त्याला. आज चहा, उद्या पोहे, आणि प्रश्नांवर प्रश्न. पात्याला धार कशी लावायची, तर आधी पात्याची पाठ दगडावर सपाट करायची, मग उतरती बाजू घासायची, मागच्या अंगाला बारीक कडा बोटाला खरखरीत लागेपर्यंत. मग ती कडा पाठीकडून हलकेच काढून टाकायची. अहो, कितीतरी दिवस बाई नुसती धारच लावत होती! काकू म्हणाल्या, "एवढी धार लावतेस तर विळीलाही लाव गं." लावली तिनं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या अंगठ्याला पट्टी.

तोवर इकडे काकांचा पाट तयार. भर श्रावणात. एक रुंद सागाची फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, गोंदानं अशा चिकटवल्यात की बापजन्मात हलायच्या नाहीत. मिस्त्री बिचारा एकदाच बोलला, "साहेब, पट्ट्या चिकटवू नका, नुसत्या स्क्रूवर ठेवा." काका चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. मजबुती मला कळते." मिस्त्रीनं पेन्सिल कानावर ठेवली आणि पोह्यांकडे वळला. मी काही मुद्दाम ऐकत नव्हते हं, कपडे वाळत घालत होते.

गणपती त्याच पाटावर बसले. काय ते कौतुक! आरशासारखं पॉलिश, खरंच होतं, नाही कशाला म्हणू. चेअरमनवहिनींनी मुद्दाम सुनेला विचारलं, "आणि तुझं गं काय तयार झालं?" हिनं आत जाऊन एक ढलपी आणली. रंध्याची ढलपी! फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आणि इतकी पातळ की पलीकडची निमंत्रणपत्रिका वाचता यावी. चेअरमनवहिनी म्हणाल्या, "अय्या, पण याचं करायचं काय?" सगळ्या हसल्या. ही पण हसली. मला तेव्हाच वाटलं होतं, ही मुलगी काहीतरी...

असो. खंडेनवमीला काकांच्या मशिनांना झेंडूचे हार. हिचा रंधा तसाच कोपऱ्यात. तर काकूंनी कोणी बघत नाहीसं पाहून त्याच्यावर एक फूल ठेवलं. मी पाहिलं ना.

आणि मधल्या काळातला तो तेलाच्या बोळ्यांचा प्रकार तुम्हाला कोणी सांगितला की नाही? काकांनी कशाला तरी जवसाचं तेल लावलं आणि बोळे चुरगाळून डब्यात कोंबले. सुनेनं डबा उघडला मात्र, तोंडच उतरलं तिचं. एकेक बोळा सोडवून दोरीवर पसरून टाकला. तसे कोंबून ठेवले की आतल्या आत तापत जाऊन आपोआप पेटतात म्हणे! काडी नको नि काही नको. काकू त्या दिवसापासून गॅरेजमध्ये दिवसातून चारदा वास घ्यायला जातात.

भाऊबीजेला हिचा पाट निघाला एकदाचा. पाइनचा, पॉलिश यथातथाच, एक बाजू दोन सूत आखूड. आता हीसुद्धा मिस्त्रीसारखी सुतात बोलते, इंचाचे आठ सूत. स्वतःच सांगत होती, "बरोबर रेघेवरच कापलं काकू, करवतीची जाडी धरलीच नाही." काका म्हणाले, "माझ्याकडे मागितली असतीस मशीन तर..." ती काही बोलली नाही.

तर चैत्रगौर. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाची कमळं, सगळं साग्रसंगीत. ओटी भरायला चेअरमनवहिनींना मानानं काकांच्या पाटावर बसवलं. काकूंनी नारळ उचलला आणि... काड्! अहो, केवढा आवाज! फळी मधोमध उभी चिरली. खोलीत चिडीचूप. आणि सगळ्यांच्या नजरा कुठे गेल्या असतील सांगा? चेअरमनवहिनींच्या कमरेकडे! काय चेहरा झाला बाईंचा. गेले सहा महिने डाएट चाललंय त्यांचं, ग्रुपवर रोज सॅलडचा फोटो. रडायच्याच बाकी होत्या.

तेवढ्यात सून पुढे झाली. म्हणाली, "वहिनी, तुम्ही नसता बसलात तरी या आठवड्यात तो तडकलाच असता." आणि पाट उलटा करून सगळ्यांना दाखवला. पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन फळी रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. आता पट्टी आडवी लावलेली, म्हणजे तिची लांबी फळीच्या रुंदीवर. पट्टी तिथेच, फळी आक्रसू बघतेय, आणि गोंद सोडत नाही. मग ती फाटणार नाही तर काय करणार? हिनं आपल्या पाटाला मधला स्क्रू पक्का बसवलाय आणि कडेच्या स्क्रूंना लांबट भोकं ठेवलीयत, फळीला सरकायला जागा. आपली पावसाळ्यात दारं अडकतात ना, तेच हे. इतकी वर्षं आपण नुसते धक्के मारतोय दारांना!

चेअरमनवहिनींनी ते सगळं असं लक्ष देऊन ऐकलं, आणि हळूच दोनदा पन्हं घेतलं, साखरेचं. काका दारात उभे होते. आधी म्हणाले टिंबर मार्केटवाल्यानं ओलं लाकूड दिलं. मग म्हणाले हवामानच बदललंय. मग काही म्हणाले नाहीत.

पण खरी गंमत पुढेच. रात्री मी मागचं दार लावायला आले, तर गॅरेजमध्ये टॉर्च. काका जमिनीवर मांडी घालून, सुनेचा पाट उलटा मांडीवर, आणि बोटानं स्क्रू हलवून बघतायत. आणि काल सकाळी मिस्त्री आला, तर त्याच्यासाठी चहा कोणी आणला? काकांनी स्वतः! बशीत बिस्किटं मांडून!

आता तिच्याकडे ऑर्डरी सुरू झाल्यात म्हणे. चेअरमनवहिनींनी पाटच सांगितलाय, रुंद. तुम्हाला शू रॅक हवाय ते मला ठाऊक आहे, पण आधीच सांगून ठेवते, माझ्या बरण्यांच्या मांडणीचं माप तिनं परवाच नेलंय. तुमचा नंबर माझ्यानंतर.