बसतंय की!

जिप्सीआण्णा कुणाचं वय विचारत नाहीत, मॉडेल विचारतात. समोरच्यानं जन्मसाल ९६ सांगितलं की चेहरा खुलतो, "म्हणजे तेराशेचा!" कारण मारुती जिप्सीला १३०० सीसीचं इंजिन त्या साली आलं. त्याआधीचे सगळे 'हजारचे'. पंचाऐंशीच्या डिसेंबरात जिप्सी पहिल्यांदा बाजारात आली, तेव्हा त्याच्याही आधी जन्मलेल्या आमच्यासारख्यांना आण्णा मॉडेलच देत नाहीत. नुसता नमस्कार करतात.

गल्लीत एका लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा ८९चा, मुलगी ९७ची. अंतर जास्त म्हणून मुलीची आत्या कुरकुरत होती. आण्णा चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "हजारचा पोरगा, तेराशेची पोरगी. बसतंय की! मधी एखादा अ‍ॅडॉप्टर लागंल, तेवढाच." आत्याबाईंनी अ‍ॅडॉप्टर हा शब्द स्वतःवर घेतला. पुढची बोलणी आण्णांना न कळवता झाली.

कुठल्याही सालचा भाग कुठल्याही सालच्या गाडीला बसतो, ही आण्णांची श्रद्धा. फोर बाय फोर बाळगणाऱ्यांत अशी माणसं गावोगाव असतात. पण कोल्हापुरात त्यांचं जरा जास्त फावतं, कारण हाकेच्या अंतरावर उद्यमनगर आहे. तिथं लेथवर जे निघत नाही ते माणसाला लागतच नाही, असा इथला समज.

आण्णांची जिप्सी तेराशेची, चांगली चालणारी. तिला त्यांनी मोठे टायर टाकले. कारण विचारलं तर म्हणाले, "आधीचं दिसत न्हवतं." मोठ्या चाकांनी गाडी उंच झाली आणि घाटात कण्हायला लागली. दुसऱ्या कुणी जुने टायर परत चढवले असते. आण्णा ट्रान्स्फर शोधायला निघाले.

आता हे ट्रान्स्फर म्हणजे काय, ते आण्णांकडून ऐकायचं तर दुपार मोकळी हवी. मी थोडक्यात सांगतो. जिप्सीत इंजिनचा जोर आधी गिअरबॉक्समध्ये येतो, तिथून एका आखूड शाफ्टनं गाडीच्या पोटातल्या दुसऱ्या, सुट्या पेटीत जातो, आणि ती पेटी तो पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देते. बऱ्याच गाड्यांत या पेटीचा 'हाय' सरळ एकास एक असतो. जिप्सीत तसं नाही. तेराशेच्या पेटीत हाय १.४०९ आणि लो २.२६८. जुन्या हजारच्या गाडीचं इंजिन जेमतेम ९७० सीसीचं, म्हणून तिला सुझुकीनं जास्त जोराची पेटी दिली होती, हाय १.५८ आणि लो २.५११. ती जुनी पेटी नव्या गाडीत घातली की हायमध्ये पहिल्यापासून पाचव्यापर्यंत प्रत्येक गिअरला बारा टक्के जोर वाढतो. आण्णा हे 'बारा टक्के' असं उच्चारतात, जणू पतसंस्थेनं ठेवीवर जाहीर केलेत.

"आणि वेग?" मी विचारलं.

"वेगाचं काय घिऊन बसलायस!"

पलीकडच्या पेठेतले विलीज बाळगणारे तात्या आण्णांना मानत नाहीत. त्यांच्या जीपची पेटी गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टनं आवळलेली. तिच्यातला मधला शाफ्ट सुरुवातीला पाऊण इंची होता, मग एक इंच एक सूत झाला, मग सव्वा. त्यामुळं बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या पेट्या आतून एकमेकींना ओळखत नाहीत. तात्या म्हणतात, "साल बघून माल घ्यावा." आण्णांच्या मते हा माणूस भित्रा आहे.

पेटी मिळाली. लष्कराच्या लिलावातल्या गाडीची म्हणून मिळाली. असल्या बाजारातली प्रत्येक वस्तू लष्कराच्याच गाडीची असते. ती उतरवून घेताना वहिनींच्या परातीत नव्वद नंबरचं ऑइल पडलं आणि परात स्वयंपाकघरातून निवृत्त झाली. तो वास आण्णांच्या बाहीला इतका मुरला की पुढं एका बारशात लोक त्यांच्या बाजूची खुर्ची मोकळी ठेवू लागले. आण्णांना वाटलं, मान आहे.

मग फ्लँजची भोकं जुळेनात. लेथवाल्यानं चष्मा वर करून पाहिलं. "आण्णा, नवी भोकं पाडतो. पण ही पहिली कुठं न्यायची?" शेवटी फ्लँजच बदलला. गाडी जोडून झाली, तर साठच्या पुढं डॅशबोर्डवरचा गणपती थरथरायला लागला. आखूड शाफ्ट सरळ रेषेत आला नव्हता. "नवीन हाय, बसंल," आण्णा म्हणाले. चाळीस वर्षांच्या जुन्या पेटीला नवीन म्हणायला जिगर लागते. मागनं ते गुपचूप गाडीखाली गेले आणि रबराच्या माउंटिंगशी झटापट करून आले. गणपती स्थिर झाला.

स्पीडोमीटरची केबल पेटीतूनच निघते. तिच्यातली गिअरची चाकं जुन्या गाडीच्या हिशेबाची, आणि टायर तर कुणाच्याच हिशेबाचे नाहीत. म्हणून काट्याशी आण्णांचा तोंडी करार आहे. तो काहीही दाखवतो, आण्णा मनात बेरीज करतात.

पण चढावर ती गाडी पाहाण्यासारखी झाली, हे कबूल करायला हवं. पन्हाळ्याच्या बाजूला एका दगडगोट्यांच्या वाटेवर आण्णांनी लो टाकला, पहिला गिअर घातला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून मांडी घातली. गाडी आपली आपण चढू लागली. मी शेजारून चालत गप्पा मारत होतो. दोन शेळ्या आमच्या पुढं गेल्या, तरी आण्णांचा चेहरा वाघ मारल्यासारखा.

मग वहिनींना माहेरी, कराडला, सोडायचं निघालं. मीही मागं बसलो. हायवेवर ऐंशीला इंजिन अशा वरच्या पट्टीत गेलं की वहिनींनी रेडिओ बंद केला. आण्णांनी ओरडून उपाय सांगितला, "टायर आणखी एक नंबर मोठं टाकू! चाक मोठं झालं की इंजिन कमी फिरतंय!"

"आणि मग घाटात?" वहिनी ओरडल्या.

आण्णा थोडा वेळ गप्प राहिले. "तवा गिअरचा सेट बघू," म्हणाले. "एक हाय माझ्या नजरंत."

कराडला वहिनी उतरल्या, पिशवी घेतली आणि मला म्हणाल्या, "भावजी, परवा येताना मी एसटीनं येते. ह्यांना सांगा."