डॉक्टरांची गाडी

महाराष्ट्रात डॉक्टर पुरेसे नाहीत, अशी ओरड करणाऱ्यांनी एकदा जुन्या गाड्यांच्या बाजारात चक्कर मारून यावी. तिथली दर दुसरी गाडी डॉक्टरांची असते. उरलेल्यांतल्या काही निवृत्त बँक मॅनेजरच्या, काही मिलिटरी ऑफिसरच्या आणि एखाददुसरी 'मॅडम फक्त कॉलेजला नेत होत्या' या सदरातली. या सगळ्या मंडळींचा दिनक्रमही एकच. आठवडाभर गाडी कव्हर घालून झाकून ठेवायची, रविवारी सकाळी देवदर्शनाला न्यायची, येताना पंपावर हवा चेक करायची आणि पुन्हा कव्हर घालायचं. औषध कंपनीच्या प्रतिनिधीने, कर्जवसुलीच्या एजंटाने किंवा लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या केटररने विकायला काढलेली गाडी या बाजारात कुणी पाहिलेली नाही. ही माणसं गाड्या घेतात, रात्रंदिवस दामटतात, हे तर आपण रोज बघतो. त्या गाड्या पुढे जातात कुठे, याची एकदा सीआयडी चौकशी व्हायला हवी.

यात डीलरला बोल लावण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक मागतं तो माल दुकानदार ठेवतो. आणि आपलं गिऱ्हाईक गाडी मागतच नाही. ते मालक मागतं. बोनेट उघडण्याआधी, चावी हातात घेण्याआधी पहिला प्रश्न येतो : "आधी कोणाकडे होती?"

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. महापालिकेत क्लार्क आहेत. मुलगी कॉलेजात गेली, आईचे गुडघे गेले आणि दोन्हींचा मिळून निष्कर्ष निघाला की गाडी हवी. बजेट तीन लाख. "वर एक रुपया नाही," असं त्यांनी सगळ्या जिन्याला ऐकवलं. हे वाक्य डीलरसमोर उच्चारायचं नसतं. उच्चारलं की बाजारातली प्रत्येक गाडी सव्वातीन लाखांची होते.

पहिल्या फेरीत त्यांना २०१३ ची वॅगन आर दाखवली गेली. पांढरी, सिंगल ओनर, मीटरवर ३४,००० किलोमीटर. हिशेब मांडला तर बारा वर्षांत दिवसाला आठ किलोमीटरही भरत नाहीत. गृहस्थांनी तो मांडला, कारण मस्टर तपासण्यात त्यांची हयात गेली आहे. त्यांनी भुवई उंचावली. डीलर शांतपणे म्हणाला, "साहेब, डॉक्टरांचं घर वर आणि दवाखाना खाली."

संपलं. गृहस्थांचं शंकासमाधान झालं. इतकं की ब्रेकच्या पेडलकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. त्या पेडलच्या रबरावरच्या रेघा पार झिजून गेल्या होत्या आणि उजव्या कडेला खालचं लोखंड चकाकत होतं. चौतीस हजारात रबर असं होत नाही. टायरच्या कडेला, रिमच्या जवळ, लंबगोलात चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन म्हणजे वर्षाचा कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. या गाडीवर २३१९ होतं. म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले. सहा वर्षांत दिवसाला आठ किलोमीटर चालणाऱ्या डॉक्टरांनी चारही टायर कशावर घासले असतील? जिन्यावर? अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर दिला तर प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचं किलोमीटर रीडिंग बघायला मिळू शकतं. मीटर मागे घेणाऱ्याचा हात तिथल्या संगणकापर्यंत पोचत नाही. पण ते बघायचं तर मालकाकरवी नोंदी मागवाव्या लागतात, आणि डॉक्टरांवर असा अविश्वास दाखवणं आपल्या संस्कारात बसत नाही. त्यातून ते डॉक्टर कोथरूडचे.

पासिंगचं शास्त्र हा निराळाच विषय. पुण्यात एमएच १२ च्या गाडीला जो मान, तो एमएच १४ ला नाही. जणू मुळा ओलांडली की इंजिनाचा सीसी कमी होतो. कोल्हापूरकराला ०९ शिवाय दुसरा आकडा दिसत नाही, आणि ०९ ची गाडी घ्यायला पुण्याहून गेलेल्याला घासाघीस करण्याआधी तांबडा-पांढरा संपवावा लागतो, मग घासाघिशीला जोर उरत नाही. या अस्मितेच्या गोंधळात पासिंगवरून खरोखर कळण्यासारखी गोष्ट कुणीच बघत नाही. रत्नागिरीची ०८ किंवा सिंधुदुर्गची ०७ वर्षानुवर्षं समुद्राकाठी उभी असेल तर वाकून गाडीचं पोट बघावं. खारी हवा दाराच्या खालच्या कडेपासून आणि सायलेन्सरपासून सुरुवात करते. मुंबईची गाडी किलोमीटरने कमी दिसते, पण क्लचने ते किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत काढलेले असतात. क्लचचा काटा मीटरमध्ये नसतो.

दिल्लीच्या गाड्यांचं मात्र सगळ्यांनाच आकर्षण. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश झाले. पुढे त्यांची धार कमीजास्त होत राहिली, पण तेवढ्यात डीएल पासिंगच्या गाड्या देशभर स्वस्तात पसरल्या. आपल्याकडे तशी गाडी निम्म्या भावात मिळाल्याचं सांगत फिरणारे असतात. तिथली एनओसी, इथली नव्याने नोंदणी, इथला रोड टॅक्स आणि मधल्या एजंटाचं चहापाणी यांची बेरीज ते सांगत नाहीत. ती त्यांच्या बायकोला माहीत असते.

तोवर गृहस्थांचे मेहुणे मदतीला धावून आले. प्रत्येक घरात गाड्यांमधलं कळणारा एक मेहुणा असतो. तो स्वतः बाइकवर फिरतो, पण त्याला टॉर्क वगैरे शब्द येतात. मेहुण्यांनी रात्री अकरा वाजता मोबाइलवर फोटो पाठवला : दहा-बारा वर्षांची लांबलचक डिझेल सेडान, सनरूफ, चामड्याच्या सीट, नवी होती तेव्हा वीस लाखांच्या घरात. आता फक्त तीन लाख दहा हजार. "तेवढ्याच पैशात अल्टो घेऊन काय करणार भावजी? माणसाने जरा वर बघावं." गृहस्थांनी वर बघितलं. सनरूफमधून दिसतं ते आकाश फुकट असतं, बाकी काही नाही. अशी गाडी तीन लाखांना मिळते कारण तिचा पहिला मोठा खर्च दारात येऊन उभा असतो आणि आधीच्या मालकाला तो दिसलेला असतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय डिझेल गाडीला लांब पळणं लागतं. घर, भाजी मंडई आणि आईचं फिजिओथेरपी सेंटर एवढ्या त्रिकोणात फिरवायला ती घेणं म्हणजे नुसती हौस. कंपनीच देश सोडून गेली असेल तर त्याहून मजा. शेवरोलेची विक्री इथे २०१७ च्या अखेरीस थांबली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन गुंडाळायचं ठरवलं. त्या गाड्या वाईट नव्हेत, काही तर ठणठणीत आहेत, आणि म्हणूनच स्वस्तात मिळाल्या तर जाणकार त्या घेतोही. पण जाणकाराला जुना बाजार पाठ असतो, कुठल्या गल्लीत कुठला पार्ट मिळतो हे ठाऊक असतं. महापालिकेतल्या क्लार्कने त्या भानगडीत पडू नये. त्याने वॅगन आर, अल्टो, आय टेन किंवा स्विफ्ट बघावी, कारण त्यांचा पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतो आणि त्या दुरुस्त करणारा पोरगा कुठल्याही फाट्यावर भेटतो. हे सगळं कंटाळवाणं आहे, मान्य. जुन्या गाडीत कंटाळवाणेपणा हा सर्वांत महाग गुण आहे आणि बाजार त्याचे पैसे बरोबर वसूल करतो.

दुसऱ्या फेरीतली गाडी मेहुण्यांना पसंत पडली. आत चंदनाचा वास. मॅट नवीन, छतही नवीन. "डॉक्टरांना स्वच्छतेचं वेड," डीलर म्हणाला. आता इथे एक साधी गोष्ट करायची असते, जिला पैसा लागत नाही. सीटबेल्ट धरायचा आणि शेवटपर्यंत ओढायचा. सगळा बाहेर येईपर्यंत. रोजच्या वापरात जो भाग कधीच बाहेर येत नाही, तो बघायचा. तिथे पट्ट्यावर आडवी मातकट रेघ असेल तर ही गाडी पाण्यात होती आणि पाणी त्या रेघेपर्यंत होतं. धुणारा मॅट धुतो, सीट धुतो, पट्ट्याचा शेवटचा हातभर तुकडा धुवायचं त्याला सुचत नाही. मग सीटखाली हात घालून रुळांवर बोट फिरवायचं, डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बघायचं. मुंबईने २००५ चा २६ जुलै पाहिला, सांगली-कोल्हापूरने २०१९ चा ऑगस्ट पाहिला. त्या पाण्यात गाड्याही होत्या, आणि सगळ्याच काही भंगारात गेल्या नाहीत. गृहस्थांनी पट्टा ओढला, पण तो गाडी सुरू होण्याआधी नियमाने लावतात तसा. ओढला, लावला, समाधानाने मान डोलावली.

इंजिन तर आधीच चालू होतं. गिऱ्हाईक यायच्या वेळी गाडी चालू करून ठेवणं हा डीलरच्या आदरातिथ्याचा भाग असतो. थंड इंजिन पहिल्या चावीला कसं खोकतं, मागून निळसर धूर येतो का, हे गरम झाल्यावर कळत नाही. म्हणून जाताना वेळ न कळवता जावं आणि आधी बोनेटला हात लावून बघावा. गृहस्थांनी मात्र जाण्याआधी दोनदा फोन करून वेळ घेतली. सरकारी शिस्त.

आता कागद. जुन्या गाडीच्या व्यवहारात इंजिनापेक्षा कागद जास्त धूर काढतात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत, घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं. नमुना २९, नमुना ३०. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचा नमुना ३५, नाहीतर आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. ई-चलान बाकी आहेत का ते बघायचं. विमा आपल्या नावावर करायचा. नो क्लेम बोनस गाडीबरोबर मिळत नाही, तो जुन्या मालकाबरोबर जातो, डॉक्टर असला तरी. गाडी पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर असेल तर पासिंग पुन्हा करावं लागतं, तेही पाचच वर्षांपुरतं, वर पर्यावरण कर. म्हणून तर चौदा वर्षांच्या गाडीचा भाव एकदम प्रेमळ होतो. डीलर मात्र म्हणतो, "मालकाच्या सह्या घेऊन ठेवल्यात साहेब, ट्रान्सफर काय, कधीही होईल." हे 'कधीही' फार लांबतं. तोपर्यंत तुम्ही तोडलेल्या सिग्नलची चलानं डॉक्टरांच्या मोबाइलवर जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्याच माथी. म्हणजे खरा घाम डॉक्टरांना फुटायला हवा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं. ते दाखवा, असं म्हणणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. डॉक्टर एमबीबीएस की बीएएमएस, हे मात्र गृहस्थांनी विचारलं.

एमडी निघाले. तीन लाख पंचवीस हजारांना व्यवहार ठरला.

गाडी घेण्याआधी एखाद्या मेकॅनिकला दाखवावी, त्याला हजार-दीड हजार द्यावेत, अशी सूचना तळमजल्यावरून आली होती. गृहस्थांना ती उधळपट्टी वाटली. "नुसती बघायचे दीड हजार?" मग सीट कव्हरला आठ हजार, म्युझिक सिस्टिमला बारा हजार, आणि गाडीच्या पूजेला गुरुजी, चार नारळ, लिंबू-मिरची, झेंडूचे हार, अख्ख्या इमारतीला पेढे. चाकाखाली लिंबं चिरडताना क्लच जरा घसरल्यासारखा वाटला, पण त्या क्षणी सगळे टाळ्या वाजवत होते.

मेकॅनिकने गाडी पाहिली, पण महिनाभराने. वर्षभरात त्याने क्लच पाहिला, रेडिएटर पाहिला, सस्पेन्शन पाहिलं. गृहस्थांच्या मुलीपेक्षा त्याच्या मुलाच्या कॉलेजला या गाडीचा जास्त उपयोग झाला. मधल्या काळात, २२ सप्टेंबर २०२५ ला लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि जुन्यांचे भावही हलले. गृहस्थांनी विकायचं मनावर घेतलं. गेले त्याच डीलरकडे. डीलरने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर लाथ मारली, वही उघडली.

"साहेब, तुम्ही काय करता?"

"महापालिकेत आहे. क्लार्क."

डीलरने जरा विचार करून लिहिलं : सिंगल ओनर, क्लास वन अधिकारी.

"सिंगल कसा? आधी ते डॉक्टर होते ना?"

"कोण डॉक्टर?" डीलर म्हणाला आणि आत वाकून मीटर बघू लागला. "एक्काहत्तर हजार. हे मात्र जास्त होतंय साहेब. क्लास वनला शोभत नाही."