शिक्का मारण्यापूर्वी वाचावयाच्या सूचना

घरी शुभेच्छापत्र बनवायचं, हा निर्णय माणूस एका ठरावीक क्षणी घेतो. दुकानातलं कार्ड उलटून तो मागची किंमत वाचतो आणि म्हणतो, "एवढ्यात तर घरी होईल." घरी होतं, फक्त एवढ्यात होत नाही. हे आधीच मान्य केलं की पुढचं मार्गदर्शन सोपं जातं. ज्यांना मान्य नसेल त्यांनी दुकानातलंच कार्ड घ्यावं, आमचा राग नाही.

कागद, गोंद, कात्री, रिबीन यांच्याबाबत फारसे मतभेद नाहीत. वाद पेटतो तो शिक्क्यांवरून. लाकडी ठोकळ्यावर कायमचा बसवलेला लाल रबरी शिक्का घ्यावा, की ॲक्रिलिकच्या पारदर्शक ठोकळ्यावर ऐनवेळी चिकटवायचा आणि काम झालं की सोलून ठेवायचा क्लिअर स्टँप? कार्ड बनवणाऱ्यांत यावरून सरळ दोन पक्ष आहेत. दोन्हीकडची कपाटं उघडलीत तर विरुद्ध पक्षाचे शिक्के मागच्या बाजूला सापडतील, पण कपाटं उघडू नयेत.

स्थळ पाहताना कुळशील आधी विचारतात, म्हणून तेही सांगून टाकतो. रबर हे थोरलं घराणं. रबर आणि गंधक एकत्र तापवलं की रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ व्हायचं थांबतं, हे चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये उमगलं. पुढे या पक्क्या रबराच्या कवळ्या होऊ लागल्या. त्या भाजायला दंतवैद्यांकडे छोट्या भट्ट्या असत आणि अमेरिकेत 1860 च्या दशकात सुरुवातीचे रबरी शिक्के अशाच भट्ट्यांतून निघाले. तेव्हा तहसील कचेरीतला गोल शिक्का आणि आजोबांची कवळी ही नात्याने भावंडं लागतात. आजही रीत फारशी बदललेली नाही. नक्षी कोरलेल्या धातूच्या पट्टीवरून साचा घ्यायचा, साच्यावर कच्चं रबर ठेवायचं आणि साधारण 150 अंश सेल्सिअसला दाबून धरायचं. इतकं सोसल्यावर कुणीही कडक होईल.

धाकट्या घराण्यात थोडी लपवाछपवी आहे. लोक ॲक्रिलिकचा शिक्का म्हणतात, पण ॲक्रिलिकचा असतो तो ठोकळा. वरचा शिक्का चांगल्यापैकी असेल तर फोटोपॉलिमरचा असतो. पातळ राळेवर नक्षीची निगेटिव्ह ठेवून अतिनील प्रकाश सोडतात. जिथे उजेड पोचतो तिथली राळ घट्ट होते, बाकीची धुऊन टाकतात. स्वस्त संचांत पुष्कळदा सिलिकॉनचे शिक्के येतात. ते दिसतात तसेच, पण शाई नीट धरत नाहीत. घेताना विचारावं. दुकानदार "सगळं सेमच आहे" म्हणाला तर पुढच्या दुकानात जावं.

आता प्रत्यक्ष कृती.

रबरी शिक्का मारणं हा श्रद्धेचा विषय आहे. ठोकळ्याच्या माथ्यावर नक्षीचं चित्र छापलेलं असतं. ते खालच्या रबराशी तंतोतंत जुळेलच, याची हमी कुणी दिलेली नाही. तुम्ही ठोकळा कागदाच्या दिशेने नेता, कागद ठोकळ्याआड जातो आणि इथून पुढे जे घडतं त्यात तुमचा हात असला तरी दृष्टी नसते. उचलल्यावर कळतं की 'वाढदिवसाच्या' जागच्या जागी आहे आणि 'शुभेच्छा' उताराला लागल्या आहेत. यावर पाश्चात्त्य शिक्केकारांनी एक काटकोनी प्लास्टिकची पट्टी काढली. आधी पट्टीच्या कोपऱ्यात पारदर्शक कागद ठेवून त्यावर ठसा घ्यायचा, तो कागद कार्डावर हवा तिथे सरकवायचा, त्याला पट्टी भिडवायची, कागद काढायचा आणि पट्टीच्या त्याच कोपऱ्यात ठोकळा टेकवून खरा ठसा मारायचा. शाई एवढा वेळ धीर धरत नाही, म्हणून ती सगळ्यात शेवटी लावावी.

क्लिअर स्टँपमध्ये सगळं आरपार दिसतं. कागद दिसतो, आधीचा ठसा दिसतो, आपली चूक होण्याच्या आधीपासून दिसते. त्यामुळे नवशिका ठोकळा कागदापासून बोटभर वर धरून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे करत बसतो आणि टेकवतो तेव्हा शाई वाळलेली असते. अशा वेळी शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडावी. हसू नका. आपल्याकडच्या कारकुनांनी कोरड्या पॅडवर पिढ्यानपिढ्या 'हाऽ' करून जे साधलं तेच परदेशातल्या कार्डवाल्या बायका आज गंभीरपणे शिकवतात. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या शाईला हा उपाय लागू पडतो. दाट पिगमेंट शाई मुळातच सावकाश वाळते, तिच्यावर श्वास खर्च करू नये.

नव्याकोऱ्या क्लिअर स्टँपवर शाई अळूच्या पानावरल्या पाण्यासारखी गोळा होते. माल परत करायला धावू नका. पृष्ठभागावर साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, एक-दोनदा शाई लावून पुसा, मग तो माणसाळतो. दुसरी सूचना दाबाची. रबराच्या पाठीशी स्पंजाची गादी असते, म्हणून ते कडक टेबलावर जोर देऊन मारलेलं चालतं. क्लिअर स्टँप मऊ. त्याच्यावर सरकारी जोर काढला की बारीक रेघा जाड होतात आणि अक्षरांची पोटं भरतात. कागदाखाली माउसपॅड ठेवा, ठोकळा सरळ खाली आणा, सगळीकडून बोटांनी सारखं दाबा, सरळ वर उचला. डोलवू नका. डोलवल्यास फुलाला सावली पडेल आणि ती मुद्दाम पाडल्याचं सांगावं लागेल.

शिक्का पॅडवर आपटण्याची राष्ट्रीय सवयही इथे सोडावी लागेल. मोठा शिक्का उताणा ठेवून पॅडच त्याच्यावर हलके हलके टेकवावं. उताणा म्हणजे नक्षी वर. क्लिअर स्टँप मागून पाहिला की अक्षरं सुलट वाचता येतात. त्या आनंदात नक्षीची बाजू ठोकळ्याला चिकटवणारे महाभाग आहेत. त्यांना कार्डावर एक सुरेख डाग मिळतो.

शाईच्या बाबतीत रबर खमकं आहे. काचेवर, पत्र्यावर चालणारी सॉल्व्हंटवाली शाई आणि तिचं तितकंच जहाल क्लीनर ते मुकाट्याने सोसतं. क्लिअर स्टँप त्या क्लीनरने बिघडू शकतो. त्याला सौम्य साबण आणि पाणी पुरे. चिकटपणा गेला तरी तेच औषध, कारण बहुधा चिकटपणा गेलेला नसतो, वर धूळ बसलेली असते. धुऊन तसाच वाळू द्यावा, टॉवेलने पुसल्यास टॉवेलचे तंतू त्याच्याबरोबर नांदायला येतात. उन्हात ठेवला की पिवळा पडतो. पिवळेपणाने ठसा बिघडत नाही, मालकाचं मन बिघडतं. एक गैरसमज मात्र दूर व्हावा. एम्बॉसिंगसाठी रबरच लागतं असं ठासून सांगणारे भेटतील. ओल्या ठशावर पावडर टाकायची, जादा झटकायची आणि हीट गनने वितळवायची, हे सगळं कागदावर होतं. शिक्का तोवर बाजूला झालेला असतो. त्याला काय त्याचं?

आता आपल्या घरचा प्रश्न. बाजारात मिळणारे बहुतेक संच इंग्रजी बोलतात. 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला' असा शिक्का हवा असेल तर कोर्टाच्या किंवा कचेरीच्या आसपास 'रबर स्टँप बनवून मिळतील' अशी पाटी शोधावी. गंमत अशी की पाटीवर रबर असलं तरी आत अनेकदा पॉलिमरचंच यंत्र असतं: निगेटिव्ह, राळ, अतिनील दिवे, ब्रशने धुणं. परदेशी संचांत ऐटीत मिरवणारा माल इथे 'अध्यक्ष' आणि 'सचिव' यांच्या शेजारी तयार होतो. दुकानदार विचारेल, "संस्थेचं नाव?" संस्था नाही म्हणून सांगा. "मग रजिस्टर नंबर?" तोही नाही म्हणा. "गोल की चौकोनी?" इथे ठाम राहा, नाहीतर संक्रांतीच्या शुभेच्छा गोलाकार फिरतील आणि मधोमध तारखेची जागा राहील. हँडल नको, नुसता सोललेला शिक्का हवा, असं सांगितल्यावर तो तुमच्याकडे जरा निरखून पाहील. तेवढं सोसावं. अशा शिक्क्याच्या पाठीला ठोकळ्यावर बसण्याइतका चिकटपणा नसेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरावी.

अक्षर थोडं मोठं मागा. धुताना बारीक सुटे ठिपके निघून जाण्याचा धोका असतो. 'आनंद'चा अनुस्वार त्या पाण्यात गेला तर ज्याला कार्ड द्यायचं त्याला 'आनद' पोचेल. 'च्छ' पाहून घ्या, त्याच्या गाठीत शाई तुंबते. आणि देवनागरीचा खरा पेच शिरोरेषा आहे. रोमन अक्षरांची ओळ केसभर तिरकी झाली तर सहसा खपून जाते. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर पट्टीच आखलेली असते, ती कार्डाच्या कडेशी जुळली नाही की खोलीच्या पलीकडून दिसतं, आणि खोलीच्या पलीकडे कुणीतरी बसलेलंच असतं. म्हणून आमचा निवाडा असा: मराठी मजकुरासाठी आरपार दिसणारा शिक्का घ्यावा. गणपतीच्या सोंडेवरल्या बारीक रेघा, पिसाचे तंतू, ठिपक्यांची छटा यांसाठी खोल कोरलेलं रबर घ्यावं. दोन्ही घ्यावे लागतील, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. घरात सांगताना एका वेळी एकच सांगावं.

जागेचं म्हणाल तर लाकडी ठोकळे कपाट मागतात, क्लिअर स्टँप जुन्या सीडीच्या डब्यांत मावतात.

या भांडणावर तोडगा निघालेला आहे, तो म्हणजे बिजागरीच्या झाकणाची पेटी. अमेरिकेतली 'मिस्टी' ही त्यातली गाजलेली. कार्ड आत ठेवायचं, त्यावर हव्या त्या जागी शिक्का उपडा ठेवायचा, झाकण मिटलं की शिक्का झाकणाला चिकटतो. मग शाई लावा, मिटा, उघडा. फिका उठला तर पुन्हा शाई लावा, ठसा नेमका त्याच जागी पडतो. रबर असो की क्लिअर, पेटीला सोयरसुतक नाही. अडचण जाड लाकडाची, ते झाकणात मावत नाही. तेव्हा निष्ठावंत रबरवाले आपले ठोकळे काही सेकंद मायक्रोवेव्हमध्ये तापवतात, गोंद सैल होतो, रबर सोलून निघतं आणि मागे चिकटणारा फोम लावला की तेही क्लिअरसारखं काढता-घालता येतं. त्या वेळी कुणी स्वयंपाकघरात डोकावलं तर पापड भाजतो आहोत म्हणावं.

कार्ड झालं की पाकीट उरतं. उत्साहाच्या भरात पाकिटावरही फुलं छापली जातात, त्याला आमची हरकत नाही. फक्त त्यानंतर टपाल खात्याचा शिक्का बसायचा असतो. तो मारणारा माणूस पारदर्शक ठोकळा वापरत नाही, काटकोनी पट्टी लावत नाही आणि खाली माउसपॅड ठेवत नाही. तेव्हा पाकिटाचा उजवा वरचा कोपरा मोकळा सोडा, आणि पिनकोड शिक्क्याने न छापता पेनाने लिहा.